सातव्या रिळातला उखाणा

डबे तेरा होते. अकरांत फिल्म होती. बाराव्यात एकवीस स्क्रू, एक पत्र्याचा कान आणि घडी घातलेली एक जाहिरात. तेरावा रिकामा. रिळांवर पांढऱ्या रंगानं दोन ते बारा असे आकडे घातलेले होते. पहिलं रीळ, ज्यावर नटांची नावं असतात ते, नव्हतं. अकरा रिळांचं मिळून वजन भरलं सत्तावीस किलो चारशे ग्रॅम. उलगडता येण्याजोगी रिळं: शून्य.

ईशानी मगदूमनं ही यादी नोंदवहीत उतरवली आणि नाकावरचा मास्क जरा घट्ट केला. डब्यांतून आंबूस वास येत होता. जुन्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की तो सडतो, त्यातून व्हिनेगरसारखं आम्ल सुटतं, फिल्म आखडते आणि तिचे वेढे एकमेकांना असे चिकटतात की रिळाचा जाड पापड होऊन बसतो. गडहिंग्लजच्या एका बंद टॉकीजच्या माळ्यावर हे अकरा पापड त्रेपन्न वर्षं पडून होते.

जाहिरातीचा कागद मात्र शाबूत होता. चंदेरी तोंडाचा, डोक्यावर बल्ब असलेला एक यंत्रमानव, कपाळाला मुंडावळ्या, हातात नारळ. वर ठळक अक्षरांत: ‘पत्र्याचा जावई! मराठी पडद्यावर प्रथमच खराखुरा यंत्रमानव! हा नट नव्हे, हे यंत्र आहे!’ साल १९८५.

ईशानी मोठ्यानं हसली. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून कोल्हापूरच्या चित्रजतन केंद्रात रुजू होऊन तिला आठ महिने झाले होते, आणि हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं.

न उलगडता रीळ वाचायचं यंत्र केंद्रात दोन वर्षांपूर्वी आलं होतं. दवाखान्यात पोटाचा सीटी स्कॅन काढतात, तत्त्व तेच. फक्त इथं बारकाई केसाच्या शंभराव्या भागापर्यंत. चिकटलेलं रीळ यंत्रात फिरत राहतं, क्ष-किरण त्यातून आरपार जातात आणि संगणक एकेक वेढा वेगळा करून मनातल्या मनात सरळ पसरतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदी क्ष-किरणांना लख्ख दिसते. अडचण रंगीत फिल्मची. ती धुताना चित्रातली चांदी काढून टाकतात, मागं उरतो नुसता रंग, आणि रंग क्ष-किरणांना दिसत नाही.

‘पत्र्याचा जावई’ रंगीत होता. म्हणजे चित्र गेलं.

पण फिल्मच्या कडेनं आवाजाची एक बारीक नागमोडी पट्टी धावत असते. प्रोजेक्टरचा दिवा तिच्यातून जायचा, पट्टी रुंद-अरुंद होईल तसा उजेड कमीजास्त व्हायचा आणि त्या चढउतारातून थिएटरात आवाज उमटायचा. ही पट्टी ठसठशीत राहावी म्हणून तेवढ्या पट्टीतली चांदी मुद्दाम राखत. त्यामुळे अकरा रिळांतून केंद्राच्या हाती लागला तो एक तास अठ्ठावन्न मिनिटांचा, बघता न येणारा पण ऐकता येणारा विनोदी चित्रपट.

ईशानीनं तो सलग ऐकला. एक विक्षिप्त प्राध्यापक असतो. त्याची मुलगी लग्नाला नाही म्हणते, म्हणून तो प्रयोगशाळेत जावईच तयार करतो. जावई बोहल्यावर उभा राहतो, उखाणा घेताना अडकतो आणि तोच उखाणा तीन वेळा म्हणतो. पुढं धोंड्याचा महिना येतो. सासू तेहतीस अनारसे करते. जावयाला तोंड उघडता येत नसल्यामुळे तो छातीचं दार उघडून एकेक अनारसा आत टाकतो. पत्र्याचा खडखडाट ऐकून ईशानी खुर्चीत गडबडा लोळायची बाकी राहिली.

मग तिनं आवाज साफ करायला घेतला. सफाईच्या प्रणालीला आधी प्रत्येक पात्राची माहिती द्यावी लागते, म्हणजे कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता कचरा हे तिला ठरवता येतं. पात्र चौथं: यंत्रमानव. प्रकार: माणूस, प्राणी की यंत्र? ईशानीनं जाहिरातीकडे पाहिलं आणि ‘यंत्र’वर खूण केली. साफ केलेला आवाज मंजूर झाला, वर्तमानपत्रात दोन रकान्यांची बातमी आली. नियमाप्रमाणे क्ष-किरणांची मूळ माहिती आता तीस दिवसांनी पुसली जाणार होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी अकराला तिघं जण आले.

पुढे एक उंच, किंचित वाकलेले म्हातारे, डोक्यावर फेटा, हातात बातमीचं कात्रण. त्यांच्या मागं डाळिंबी इरकल नेसलेल्या एक बाई. आणि त्यांच्याही मागं, खिशाला लाल पेन लावलेले, तिघांत जरा तरुण असे एक गृहस्थ.

“मी हिंदुराव चौगुले, ही आमची मंडळी, शालन,” म्हातारे म्हणाले. “ह्यो पत्र्याचा जावई म्हंजे मी.”

“बसा ना,” ईशानी म्हणाली. “तुम्ही चित्रपटात होता?”

“चित्रपटात न्हाई, पत्र्यात होतो.”

मागचे गृहस्थ खाकरले. “मी यांचा मेहुणा. बळवंत सरनाईक. गणिताचा शिक्षक होतो, आता निवृत्त. मुली, तुला आधीच सांगून ठेवतो. दाजींची ही गोष्ट आमच्या घरात त्रेपन्न वर्षं चालू आहे. लग्न ठरलं तेव्हा यांनी आमच्या आबांना सांगितलं, मी सिनेमात मोठं काम करतोय. आबांनी अख्खी गल्ली घेऊन सिनेमा बघितला. मी सोळा वर्षांचा होतो, शेजारीच बसलो होतो. तोंड दिसेना, आवाज भलत्याचाच, आणि नावांच्या यादीत काय? ‘जावई: स्वतः यंत्र’!”

“आवं, निर्मात्यानं अंबाबाईची शपथ घातली हुती,” हिंदुराव म्हणाले. “कुणाला सांगायचं न्हाई. जपानहून यंत्र आणलंय म्हणून त्यानं जाहिरात केली हुती. आत माणूस हाय कळलं असतं तर पोस्टरच खोटं पडलं असतं.”

“आणि तरी आबांना सांगितलंत.”

“सासऱ्याला सांगायचं न्हाई तर कुणाला सांगायचं, मास्तर?”

“तेव्हापासून आबा यांना काय म्हणायचे माहीत आहे?” मास्तर ईशानीकडे वळले. “पत्र्याचा जावई. शेवटपर्यंत.”

 शालनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

ईशानीनं नियम सांगितला. नोंदीत कुणाचं नाव घालायचं तर पुरावा त्या फिल्ममधून किंवा तिच्या कागदपत्रांतून निघायला हवा. निर्मात्याची कचेरी तीस वर्षांपूर्वी जळाली होती. राहता राहिली फिल्म. “आणि यंत्रमानवाचा आवाज तर रेडिओवरच्या एका निवेदकाचा आहे,” ती म्हणाली. “तो स्टुडिओत भरलेला.”

“बोलणं त्याचं,” हिंदुराव म्हणाले. “खडखडाट माझा. माझा पत्रा असा वाजायचा, की स्टुडिओत तसला आवाज कुणाला काढता येईना. दोन दिवस डबे आपटले त्यांनी. शेवटी साउंडवाल्यानं जागेवरचाच आवाज ठेवला अन् त्याच्यावर रेडिओवाल्याला चढवला.”

ईशानीच्या हातातलं पेन थांबलं. म्हणजे सेटवरचा मूळ आवाज पट्टीत होता. आणि यंत्रमानव हे यंत्रच, असं तिनं स्वतः प्रणालीला सांगितलं होतं. यंत्र श्वास घेत नाही. ऐकू आलेला प्रत्येक श्वास प्रणालीनं कचऱ्यात टाकला असणार.

तिनं नववं रीळ मूळ स्वरूपात उघडलं. अनारशांचा प्रसंग. छातीचं दार उघडल्याचा आवाज, बंद झाल्याचा आवाज आणि मग कर्र-कर्र. आपल्या टिपणात तिनं त्यापुढं ‘दातेरी चाकं’ असं लिहिलं होतं.

“अनारशांचं पुढे काय व्हायचं?” तिनं विचारलं.

“दिग्दर्शक म्हणायचा, दारातनं आत टाक. आत मी. जाणार कुठं?” हिंदुराव म्हणाले. “तेहतीस खाल्ले. एका दमात घेतला तो सीन.”

दार तेहतीस वेळा वाजलं. ईशानीनं मोजलं. तेहतिसाव्यानंतर चार सेकंद शांतता होती आणि त्यानंतर पत्र्याच्या पोकळीत घुमलेला, स्वच्छ, लांबलचक ढेकर.

दातेरी चाकांना ढेकर येत नाही. ईशानीला हसूही आलं आणि कानही तापले. हिंदुराव भलतेच खूश झाले. “व्हता का न्हाई आत माणूस?”

“माणूस होता, कबूल,” मास्तर म्हणाले. “पण दाजीच होते कशावरून? ढेकरावर सही असते काय?”

हिंदुरावांचा चेहरा उतरला. ते उठून व्हरांड्यात गेले आणि मास्तर त्यांच्या मागोमाग गेले. भांडायला असो नाहीतर सोबतीला, ते दोघं एकमेकांना फार वेळ सोडत नसावेत.

खोलीत दोघीच उरल्या तेव्हा शालनबाई पहिल्यांदा बोलल्या.

“पोरी, सातव्या रिळात लग्न आहे का?”

“आहे, आजी.”

“त्यात उखाणा आहे. आमची सुपारी फुटली होती तेव्हा. हे मला म्हणाले, नीट कान देऊन ऐक, तिथं मी तुझं नाव घेतलंय. पत्र्याच्या आतून. मी तीन खेळ बघितले. पहिल्या रांगेत बसून. डोक्यावर पंखे घरघरत होते, आणि तो रेडिओवाला मोठमोठ्यानं भलत्याच बाईचं नाव घेत होता. मला काही ऐकू आलं नाही. मी तसं सांगितलं, तर हे रुसले. म्हणाले, ऐकू आलं नसेल तर सांगणार नाही. आठ दिवसांत सिनेमा उतरला.”

“मग परत कधी विचारलं नाहीत?”

“खोटं निघालं असतं तर? त्याच माणसाबरोबर संसार करायचा होता मला.” त्यांनी पदर सोडला. “संसार झाला. चांगला झाला. आता विचारलं तर चालेल. तुझं यंत्र सांगेल का?”

 खात्री नसताना हो म्हणायची ईशानीला सवय नव्हती. “दोन दिवस आहेत,” ती म्हणाली. “प्रयत्न करते.”

केंद्रप्रमुख डॉ. कस्तुरे यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मूळ माहिती ठेवता येणार नव्हती. स्वातंत्र्यलढ्याच्या बातमीपटांचे चाळीस डबे रांगेत होते आणि जागा तेवढीच होती. “परवा सहा वाजता पुसलं जाईल,” ते म्हणाले. “तोवर काय करायचं ते कर. पण मंजूर झालेली फाइल तू उघडतेयस. दुरुस्तीच्या नोंदीत चूक कुणाची तेही लिहावं लागतं.”

“लिहिते की, सर. चूक माझीच आहे. मी जाहिरातीवर विश्वास ठेवला.”

 “सातव्या रिळाला प्राधान्य दे,” कस्तुरे म्हणाले.

सातव्या रिळात निवेदकाचा खणखणीत आवाज सगळं झाकून टाकत होता. त्याच्याखाली काहीतरी कुजबुजत होतं, पण शब्द लागत नव्हते. एक गोष्ट मात्र ईशानीच्या बाजूची होती. जुन्या फिल्मची खरखर येते ती धुळीनं आणि ओरखड्यांनी, आणि क्ष-किरणांना धूळ दिसत नाही, ओरखडेही दिसत नाहीत. त्यांना दिसते फक्त चांदी. थिएटरात जे खरखरीत आणि पंख्यांच्या आवाजात बुडालं, ते पट्टीत अजून असायला हवं होतं. प्रश्न निवेदकाला बाजूला कसं करायचं हा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाता खाता तिला ते सुचलं. जावई अडकतो! उखाणा तीन वेळा म्हणतो. निवेदकाला कोण तीन वेळा म्हणायला लावेल? ध्वनिफितीचा तोच तुकडा तीनदा जोडला असणार. म्हणजे निवेदक तिन्ही वेळा अगदी तोच, पण त्याच्याखालचा सेटवरचा आवाज प्रत्येक वेळी वेगळा. दुसऱ्या वेळच्या आवाजातून पहिल्या वेळचा वजा केला, तर निवेदक निवेदकाला खाऊन टाकेल आणि दोन वेळांमध्ये जे वेगळं आहे तेवढंच उरेल.

तिनं हिंदुरावांना फोन लावला. “आजोबा, तुमचा उखाणा कितव्या वेळी म्हटलात?”

“दुसऱ्या. पयल्यांदा हात कवा हलवायचा हेच बघत होतो. का गं?”

“काय म्हणालात ते मला सांगू नका. अजिबात सांगू नका. कागदावर लिहा, पाकिटात घाला, चिकटवा आणि मास्तरांकडे द्या.”

“मास्तराकडं?” हिंदुराव दचकले. “अगं, त्यो तर माझा वैरी!”

“म्हणूनच.”

पहिल्या वजाबाकीतून नुसता फर्रफर्राट निघाला. फितीचा वेग तेव्हा एकसारखा नसे. निवेदक दुसऱ्या वेळी किंचित हळू बोलत होता, सेकंदाला हजारातल्या तीन भागांनी. ईशानीनं दोन्ही तुकडे शब्दागणिक, मग अक्षरागणिक जुळवले. एकतीस वेळा वजाबाकी केली. बत्तिसाव्या वेळी निवेदक गेला. जाताना मागं एक श्वास ठेवून गेला, पत्र्यात घुमणारा, तरुण माणसाचा. आणि त्यानंतर शब्द.

तिनं हेडफोन लगेच काढून ठेवला. पूर्ण ऐकलं नाही. काय ऐकायचंय हे मनात असलं की कान तेच ऐकतात, हे तिला ठाऊक होतं. तो तुकडा तिनं शब्द ओळखणाऱ्या प्रणालीला दिला आणि आधीच कागदावर नियम लिहून ठेवला: ज्या शब्दाची खात्री शंभरात ऐंशीहून कमी, तिथं जागा मोकळी सोडायची. निकाल छापून तोही पाकिटात घातला.

तिसाव्या दिवशी, मुदत संपायच्या दोन तास आधी, तिघं आले. हिंदुरावांनी नवा फेटा बांधला होता. मास्तरांनी आतल्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

“सील बघून घे,” ते म्हणाले. “अक्कानं काल तीनदा मागितलं. दिलं नाही.”

“मी कशाला मागू?” शालनबाई म्हणाल्या. मग ईशानीकडे बघून हळूच म्हणाल्या, “दोनदाच मागितलं.”

ईशानीनं खोलीचा पंखा बंद केला. शालनबाईंच्या कानात यंत्र होतं. तिनं आवाज थेट त्यातच जोडला आणि बाकीच्यांसाठी स्पीकर लावला. “चार सेकंदांचाच आहे,” ती म्हणाली. “हवं तितक्या वेळा लावते.”

पत्रा करकरला. कुणीतरी श्वास आत ओढला. आणि मग एक चोवीस वर्षांचा मुलगा, घामाघूम झालेला, हसू दाबत, कुणाला ऐकू जाऊ नये पण एकीला जावं अशा आवाजात काहीतरी भरभर बोलून गेला.

शालनबाई हलल्या नाहीत. “परत,” त्या म्हणाल्या.

ईशानीनं परत लावलं.

“परत.”

पाचव्या वेळेनंतर त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. “एवढा जीव गुदमरत होता, तर बाहेर येऊन सांगायचं होतं की मला.”

“तू ऐकू आलं न्हाई म्हणालीस,” हिंदुराव म्हणाले.

“पंखे होते डोक्यावर. तीन खेळ बघितले मी. तीन!”

“तीन? मला एकच सांगितलावतास.”

“तुम्ही रुसला होतात. कुणाला सांगू?”

मास्तर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला. मग टेबलाशी आले, दोन्ही पाकिटं फोडली आणि कागद शेजारी शेजारी मांडले. “परीक्षा ती परीक्षा,” म्हणत त्यांनी खिशाचं लाल पेन काढलं. हिंदुरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

अंगावर पत्रा, डोक्यावर दिवा,
शालनचं नाव घेतो, जरा येऊ द्या हवा.

एकेका शब्दावर पेनाचं टोक टेकत मास्तरांनी दोन्ही कागद तपासले. पाचव्या शब्दाशी ते थांबले, तो त्यांनी दोनदा तपासला आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला. मग, त्रेपन्न वर्षांत प्रथमच, ते उठून दाजींच्या पाया पडले. “आबांच्या वतीनं,” ते म्हणाले.

“उठा, मास्तर. गुडघं दुखतील. तुमचंबी अन् माझंबी.”

सहाला दहा मिनिटं कमी असताना ईशानीनं दुरुस्तीची नोंद पुरी केली. चूक कुणाची, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पात्र चौथं, यंत्रमानव, यापुढची ‘यंत्र’ची खूण खोडली, ‘माणूस’वर केली आणि पुढं लिहिलं: हिंदुराव चौगुले. खाली पुराव्याचा रकाना होता. तिथं तिनं लिहिलं:

रीळ सातवं. उखाण्याची दुसरी आवृत्ती वजा पहिली. लांबी ४.२ सेकंद. पातळी निवेदकाच्या ३१ डेसिबल खाली. एकूण शब्द अकरा. जुळलेले नऊ. मोकळ्या राहिलेल्या जागा दोन: चौथी आणि आठवी. पाचव्या शब्दाची खात्री: शंभरात अठ्ठ्याण्णव.